विश्लेषण : ‘फोटो’ काढणाऱ्या शास्त्रज्ञाची रबराची पट्टी! रॉन्टगेन यांचा विस्मृतीतील प्रयोग आजच्या ‘कृत्रिम स्नायूं’पर्यंत कसा पोहोचला?

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर कधीही जा, हातात मोठे पाकीट धरून चाललेला रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक दिसतोच. सातारा-सांगलीपासून सीमेपलीकडच्या बेळगाव-विजापूरपर्यंतची माणसे येथे उपचारांसाठी येतात. पाकिटातल्या काळ्या फिल्मला बहुतेक जण ‘फोटो’ म्हणतात, पाठ्यपुस्तक तिला क्ष-किरण चित्र म्हणते. हे किरण शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म कॉनराड रॉन्टगेन यांचे नाव विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. मात्र या शोधाच्या पंधरा वर्षे आधी त्यांनी रबराच्या एका पट्टीवर वीज सोडून ती लांब करून दाखवली होती, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. विजेने आकार बदलणाऱ्या पॉलिमरचा, म्हणजेच आजच्या ‘कृत्रिम स्नायूं’चा इतिहास त्या पट्टीपासून सांगितला जातो. एका शोधाने जग काही आठवड्यांत जिंकले, दुसऱ्याला शंभराहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. दोन्हींमागचा माणूस मात्र एकच होता.

शाळेतून काढलेला मुलगा प्राध्यापक कसा झाला?

रॉन्टगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी, आई मूळची नेदरलँड्सची. विल्हेल्म तीन वर्षांचे असताना हे कुटुंब नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे राहायला गेले. आईवडिलांचे हे एकुलते एक अपत्य. पुढे शिक्षणासाठी ते युट्रेक्टच्या तांत्रिक शाळेत दाखल झाले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला पहिला धक्का बसला. वर्गात कुणीतरी एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. संशय विल्हेल्म यांच्यावर आला. चित्र दुसऱ्याच मुलाने काढले होते, पण त्यांनी त्याचे नाव सांगायला नकार दिला. परिणामी शाळेने त्यांनाच काढून टाकले.

त्या काळी युरोपात शाळा सोडल्याचे रीतसर प्रमाणपत्र नसेल, तर विद्यापीठाचे दार बंदच असे. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये ही अट नव्हती. १८६५ मध्ये तेथे प्रवेश मिळवून त्यांनी १८६८ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १८६९ मध्ये झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ऑगस्ट कुंट या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांना साहाय्यक म्हणून घेतले आणि इंजिनीअर होऊ शकणारा हा तरुण भौतिकशास्त्राकडे वळला. झुरिकमध्येच अ‍ॅना बर्था लुडविग यांच्याशी ओळख झाली. १८७२ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना मूल नव्हते. पुढे बर्था यांच्या भावाच्या मुलीला त्यांनी दत्तक घेतले.

कुंट यांच्यासोबत ते १८७० मध्ये व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात गेले. तेथे स्वतंत्रपणे शिकवण्याची मान्यता मात्र त्यांना नाकारली गेली. कारण तेच, शाळेचे प्रमाणपत्र नाही. स्ट्रासबुर्ग विद्यापीठाने १८७४ मध्ये ती मान्यता दिली आणि १८७९ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गिसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्या व्युर्त्सबुर्गने त्यांना नाकारले होते, त्यानेच १८८८ मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले आणि १८९४ मध्ये ते त्या विद्यापीठाचे प्रमुखही झाले.

रबराच्या पट्टीचे नेमके काय झाले?

रबराचा प्रयोग गिसेनमधला, १८८० सालचा. काच, रबर, मेण यांसारख्या पदार्थांतून वीज वाहत नाही. मग त्यांच्या पृष्ठभागावर विजेचा भार साठवला तर त्यांचा आकार बदलतो का, हा त्या वेळी वादाचा प्रश्न होता. काचेच्या बाबतीत बदल इतका सूक्ष्म की तो विजेमुळे झाला की उष्णतेमुळे, हे ठरवणे कठीण. रॉन्टगेन यांनी काचेऐवजी सहज ताणला जाणारा पदार्थ निवडला.

त्यांनी सुमारे एक मीटर लांब आणि १६ सेंटीमीटर रुंद अशी रबराची पातळ पट्टी घेतली. वरचे टोक पक्के बसवले आणि खालच्या टोकाला वजन टांगून पट्टी ताणली. दोन्ही बाजूंना सुयांच्या फणीसारखी टोके धरली आणि विद्युतयंत्राच्या साहाय्याने एका बाजूवर धन, तर दुसऱ्या बाजूवर ऋण भार फवारला. पट्टीला हात न लावता ती लांब होऊ लागली. ही वाढ सूक्ष्मदर्शकातून पाहावी लागेल इतकी नव्हती, ती काही सेंटीमीटरची होती. भार काढून घेतला की पट्टी पुन्हा आखूड होई.

यामागचे कारण समजायला भाकरी आठवावी. थापताना पिठाचा गोळा तेवढाच राहतो, पण वरून दाब पडला की तो पातळ होतो आणि कडेने पसरतो. रबराचेही तसेच होते. एका बाजूचा धन भार आणि दुसऱ्या बाजूचा ऋण भार एकमेकांना ओढतात. मधले रबर दाबले जाते. रबराचे घनफळ जवळपास बदलत नाही, म्हणून जाडी कमी झाली की क्षेत्रफळ वाढते. जाडी निम्मी झाली तर क्षेत्रफळ दुप्पट होईल.

ही लांबी उष्णतेने वाढली नाही, हेही रबरच सांगते. लोखंडाची तार तापवली की लांब होते. वजन टांगून चांगले ताणलेले रबर मात्र तापवले की आखूड होते. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून हे घरीही पाहता येते. वीज सोडल्यावर पट्टी तापून बदलली असती तर ती आखडली असती. ती तर लांबली. म्हणजे ही करामत विजेच्या ओढीची.

हा प्रयोग मागे का पडला?

त्याच १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिअर क्युरी या भावांनी दुसरा शोध लावला. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विजेचा भार निर्माण होतो, हा तो ‘पायझो’ परिणाम. दाबाचे विजेत आणि विजेचे कंपनांत रूपांतर करणाऱ्या याच गुणावर पुढे सोनोग्राफीचे यंत्र उभे राहिले. मिरजेत आज एकाच इमारतीत शेजारी-शेजारी असणाऱ्या एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या खोल्यांची मुळे अशी एकमेकांजवळच आहेत.

रबराच्या पट्टीला मात्र गिऱ्हाईक मिळाले नाही. वीज देऊन हालचाल मिळवायची तर तांब्याची तार आणि चुंबक यांवर चालणारी मोटार त्याच काळात तयार होत होती. १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात विजेवर चालणारी छोटी रेल्वेही धावली होती. शेतातल्या विहिरीवरची मोटार आजही त्याच तत्त्वावर फिरते. रबराला त्या तुलनेत फार जास्त व्होल्टेज लागायचे. दाब प्रमाणाबाहेर गेला की ठिणगी पडून ते फाटायचे. नैसर्गिक रबर काही काळाने कडकही व्हायचे. उपयोग काय, या प्रश्नाला त्या वेळी उत्तर नव्हते.

रॉन्टगेन यांनी तरीही हा विषय सोडला नाही. वीज न वाहणाऱ्या पदार्थांच्या आत काय चालते, हे कुतूहल त्यांना आयुष्यभर पुरले. विजेच्या क्षेत्रात अशा पदार्थाची तबकडी फिरवली की चुंबकीय परिणाम दिसतो, हे त्यांनी १८८८ मध्ये दाखवले. भौतिकशास्त्रात त्याला आजही ‘रॉन्टगेन प्रवाह’ म्हणतात. मोजमाप पुन्हा पुन्हा करायचे, उपकरण शक्यतो स्वतःच्या हाताने बनवायचे आणि खात्री पटेपर्यंत काही छापायचे नाही, ही त्यांची पद्धत. तिचाच उपयोग पुढे सर्वांत मोठ्या शोधात झाला.

१८९५ च्या त्या नोव्हेंबरमध्ये काय घडले?

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवार. व्युर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत रॉन्टगेन हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली होती. खोलीत अंधार होता. तरीही काही अंतरावर ठेवलेला रसायन लावलेला पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून प्रकाश बाहेर पडणे शक्य नव्हते. म्हणजे न दिसणारे दुसरेच काहीतरी आरपार येत होते.

अशाच नळ्यांवर त्या वेळी युरोपातले अनेक शास्त्रज्ञ काम करत होते. रॉन्टगेन यांनी दिसलेली चमक सोडून दिली नाही आणि घाईने जाहीरही केली नाही. पुढचे सात आठवडे ते प्रयोगशाळेत जवळपास एकटेच होते. कागद, लाकूड, रबर, अ‍ॅल्युमिनियम, शिसे असे एकेक पदार्थ मध्ये धरून त्यांनी किरण कशातून जातात आणि कशाने अडतात, हे तपासले. २२ डिसेंबरला त्यांनी बर्था यांचा हात छायाचित्रणाच्या काचेवर ठेवायला सांगितला. सुमारे १५ मिनिटांनी बोटांची हाडे आणि त्यातली अंगठी काचेवर उमटली. स्वतःचाच सांगाडा पाहून बर्था हादरून गेल्या, असे सांगितले जाते.

२८ डिसेंबरला त्यांनी आपला निबंध व्युर्त्सबुर्गच्या वैद्यकीय-भौतिकी संस्थेकडे दिला. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या प्रती आणि काही छायाचित्रे ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवली. ५ जानेवारी १८९६ ला व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात बातमी आली आणि काही दिवसांत ती जगभर पसरली. किरणांचे स्वरूप माहीत नव्हते, म्हणून त्यांनी गणितातल्या अज्ञात संख्येसारखे त्यांना ‘एक्स’ म्हटले. मराठी शाळांच्या बीजगणितात अज्ञात संख्या ‘क्ष’ मानायची पद्धत होती, त्यामुळे आपल्याकडे ते क्ष-किरण झाले.

आपल्या भागाशी याचा काळ जुळतो. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले ते १८९४ मध्ये, म्हणजे शोधाच्या जेमतेम वर्षभर आधी. मोडलेले हाड कुठे सरकले आहे, हे तोवर डॉक्टरांना हातानेच चाचपून ठरवावे लागे.

पेटंट का घेतले नाही?

क्ष-किरणांतून अमाप पैसा मिळू शकतो, हे १८९६ मध्येच स्पष्ट झाले होते. बर्लिनच्या ‘एईजी’ या विद्युत कंपनीने करार करण्याची तयारी दाखवली. रॉन्टगेन यांनी ती नाकारली. विद्यापीठात लागलेला शोध सर्वांचा असतो, त्यावर एका कंपनीचा हक्क नको, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे नळी आणि विजेची सोय असलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे किरण वापरायला शोधकाची परवानगी घ्यावी लागली नाही. तंत्र इतक्या झपाट्याने सामान्य रुग्णालयांपर्यंत पोहोचण्याचे ते एक मोठे कारण होते.

१९०१ मध्ये नोबेल पारितोषिके सुरू झाली आणि भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल रॉन्टगेन यांना मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाला दिली. बव्हेरियाच्या राजघराण्याने देऊ केलेली सरदारकीची उपाधी नावापुढे लावायला त्यांनी नकार दिला. गर्दी आणि भाषणे त्यांना नकोशी वाटत. क्ष-किरणांवर त्यांनी स्वतः तीनच निबंध लिहिले आणि मग ते क्षेत्र इतरांसाठी मोकळे सोडले.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९०० पासून ते म्युनिक विद्यापीठात होते. तेथे रशियातून आलेले तरुण शास्त्रज्ञ अब्राम योफे यांच्यासोबत त्यांनी स्फटिकांतील विद्युतवहनावर अनेक वर्षे काम केले. म्हणजे जगप्रसिद्ध झाल्यावरही ते आपल्या जुन्याच प्रश्नाकडे परतले होते.

पुढचा काळ कठीण होता. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला. १९१९ मध्ये दीर्घ आजारानंतर बर्था यांचे निधन झाले. युद्धानंतरच्या महागाईत जर्मन चलनाची किंमत कोसळली आणि आयुष्यभराची बचत कागदापुरती उरली. ज्याच्या शोधावर कारखाने उभे राहिले, त्याला उतारवयात काटकसरीने दिवस काढावे लागले. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार बहुतेक वैज्ञानिक टिपणे आणि पत्रे जाळण्यात आली. त्यामुळे ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी नेमके काय झाले, याचे त्यांच्या हातचे सविस्तर टिपण उरलेले नाही. त्यांचे दफन गिसेनमध्ये, आईवडील आणि पत्नी यांच्याशेजारी झाले. रबराच्या पट्टीचा प्रयोगही याच गावातला.

पट्टी पुन्हा चर्चेत कशी आली?

तो प्रयोग मात्र जळाला नाही, कारण तो १८८० च्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापलेला होता. मधल्या काळात पॉलिमरचे शास्त्र वाढले. जपानमध्ये एगुची यांनी मेण आणि राळ यांच्या मिश्रणात विजेचा भार कायम साठवून ठेवता येतो, हे १९२५ मध्ये दाखवले. १९६९ मध्ये जपानच्याच कावाई यांना पीव्हीडीएफ या प्लास्टिकमध्ये क्युरी बंधूंच्या स्फटिकासारखा गुण सापडला. १९७० च्या दशकात वीज वाहून नेणारे पॉलिमर तयार झाले आणि त्या कामाला २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेतील एसआरआय या संस्थेच्या संशोधकांनी ताणलेल्या लवचीक पॉलिमरवर वीज देऊन तो शंभर टक्क्यांहून अधिक ताणून दाखवला. तत्त्व रॉन्टगेन यांच्या पट्टीचेच होते.

अशा पदार्थांना ‘कृत्रिम स्नायू’ म्हणतात, कारण ते स्नायूंप्रमाणे मऊ असतात, आवाज करत नाहीत आणि त्यांना दाते, चाके लागत नाहीत. त्यांची कसोटी पाहण्यासाठी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील योसेफ बार-कोहेन यांनी १९९९ मध्ये माणसाच्या हाताशी पंजा लढवणारा यंत्रहात बनवण्याचे आव्हान दिले. २००५ मध्ये सॅन डिएगो येथे असे तीन हात एका शाळकरी मुलीसमोर उतरले. तिन्ही हरले. सर्वांत चिवट हात २६ सेकंद टिकला. विजेवर वाकणारे प्लास्टिक आणि खरा स्नायू यांतले अंतर त्या दिवशी सर्वांना दिसले.

२०१० मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथील शास्त्रज्ञांनी रॉन्टगेन यांचा मूळ प्रयोगच नव्याने तपासला, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. आज अशा पट्टीच्या दोन्ही बाजूंना वीजवाहक थर लावून तिला ठरावीक व्होल्टेज देतात. पट्टी पातळ झाली की दोन थर जवळ येतात, ओढ वाढते, पट्टी आणखी पातळ होते आणि शेवटी फाटते. रॉन्टगेन यांनी थर न लावता भार फवारला होता. भार ठरावीक असेल तर पट्टी पातळ झाल्यावर ओढ अशी बेफाम वाढत नाही. आधुनिक साधनांना भेडसावणारी अडचण त्यांच्या १३० वर्षांपूर्वीच्या मांडणीत उद्भवतच नव्हती.

हीच पट्टी संवेदक कशी होते?

वीज देऊन हालचाल मिळवली तर ते चालक साधन, ज्याला अभियंते अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. हालचालीवरून विजेचा संकेत मिळवला तर तो संवेदक, म्हणजे सेन्सर. विजेला प्रतिसाद देणारे अनेक पॉलिमर ही दोन्ही कामे करतात. रबराच्या पातळ पट्टीला दोन्ही बाजूंनी लवचीक वीजवाहक थर लावला की तिच्यात विजेचा भार साठतो. पट्टी ताणली की पातळ होते, पसरते आणि तिची भार साठवण्याची क्षमता वाढते. ही वाढ मोजली की ताण किती पडला, हे कळते. म्हणून बोटे वाकल्याची नोंद घेणारा हातमोजा किंवा श्वासाबरोबर छातीची हालचाल मोजणारा पट्टा अशा पट्टीपासून बनवता येतो. पीव्हीडीएफची पातळ फिल्म तर स्वतःच दाबाचे विजेत रूपांतर करते. नाडीचे ठोके टिपायला तिचा वापर होतो. सोनोग्राफी यंत्रातून निघणाऱ्या ध्वनिलहरी योग्य आहेत का, हे तपासण्याच्या उपकरणातही हीच फिल्म असते.

सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी यात काय आहे?

क्ष-किरणांची मराठीतील शास्त्रीय माहिती सातारा जिल्ह्यातील वाई येथे तयार झालेल्या मराठी विश्वकोशात मिळते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, त्या शिवाजी विद्यापीठात पातळ थर आणि वीजवाहक पॉलिमर यांवर संशोधन होत आले आहे. या विषयाचा पहिला प्रयोग पाहिला तर त्याला लागले होते ते एक रबर, एक वजन, सुयांच्या दोन फण्या आणि विजेचे यंत्र. यातील उच्च दाबाची वीज धोकादायक असल्याने तो प्रयोगशाळेबाहेर करून पाहण्याजोगा नाही. वजन टांगलेली ट्यूबची पट्टी गरम पाण्याने शेकून तिची लांबी मोजणे मात्र शाळेतही जमेल.

क्ष-किरणांचा उपयोग पहिल्याच छायाचित्रात दिसला होता. रबराची पट्टी कशाला उपयोगी पडेल, हे १८८० मध्ये कुणालाच सांगता आले नसते, खुद्द रॉन्टगेन यांनाही नाही. त्यांनी दोन्ही वेळा सारख्याच काटेकोरपणे मोजले आणि जे आढळले ते छापून ठेवले. लिंझच्या शास्त्रज्ञांना १३० वर्षांनी त्या नोंदीवरून प्रयोग पुन्हा उभा करता आला, तो त्यामुळेच.